लिंडक्विस्टांच्या दाराचा मूळ रंग

प्रुडन्स गावाचा एकुलता एक प्लंबर व्हर्जिल त्या उन्हाळ्यात गाव सोडून समुद्रकाठी बहिणीकडे राहायला गेला. "ज्या पाण्याची जबाबदारी माझ्यावर नाही असं पाणी एकदा बघायचंय," एवढंच तो जाताना म्हणाला. गावाने त्याला केक खाऊ घातला, टाळ्या वाजवल्या, आणि त्याची गाडी घाटाच्या वळणाआड गेल्यावर मग एकेकाच्या चेहऱ्यावर भर उन्हात हिवाळा दिसू लागला.

सगळ्यात आधी तो दिसला ऑगस्टा ट्रेव्हॅरोबाईंच्या चेहऱ्यावर. गेल्या जानेवारीत त्यांच्या स्वयंपाकघरातला पाइप फुटला होता. सकाळी उठून बघतात तो फरशीवर बर्फाचं मैदान, आणि मांजर दारापासून शेगडीपर्यंत यायच्या प्रयत्नात चारी पाय चार दिशांना पाठवून मधेच बसलेलं. व्हर्जिलने पाइप सांधून दिला. पण तो सांधत असतानाच लेकीचा, लॉरेनचा, फिनिक्सहून फोन आला.

"आई, बास झालं आता. आणखी एकदा पाइप फुटला की तू इकडे यायचंस. शब्द दे."

ऑगस्टाबाईंच्या सपाता भिजल्या होत्या आणि फोन लवकर संपवायचा होता. त्यांनी शब्द दिला. ट्रेव्हॅरो घराण्यात दिलेला शब्द मोडत नाहीत. म्हणूनच त्या घराण्यात सहसा कुणी शब्द देत नाही. लॉरेनने मग फिनिक्सच्या खोलीचा फोटो पाठवला. खिडकीतून गोल्फचं मैदान दिसत होतं. दुसऱ्या फोटोत एक पोहण्याचा तलाव होता, आणि त्यात ऑगस्टाबाईंच्या वयाच्या बायका ओळीने कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून हात वर करत होत्या. जणू कुणीतरी त्यांना लुटत होतं आणि त्यांना ते आवडत होतं. ऑगस्टाबाईंनी दोन्ही फोटो खणात पालथे ठेवले.

आता सप्टेंबर संपत आला होता. ॲस्पेनची झाडं पिवळीधमक झाली होती, शिखरावर एकदा पांढरं भुरभुरून गेलं होतं. आणि अशात ऑगस्टाबाईंना प्वेब्लोहून एका प्लंबरचा फोन आला. नाव बेनी आर्चुलेटा. शहराचा कंटाळा आलाय, बायकोला घेऊन शनिवारी गाव बघायला येतो, म्हणाला. गाव सोडून गेलेल्या लिंडक्विस्टांचं घर रिकामं आहे असं ऐकलं होतं त्याने.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑगस्टाबाई पोस्टात जाऊन उभ्या राहिल्या. प्रुडन्समध्ये टपाल घरपोच मिळत नाही. ज्याने त्याने येऊन आपापल्या पेटीतून न्यायचं, त्यामुळे ग्रामसभा रोज भरते आणि इतिवृत्त कुणी लिहीत नाही.

"शनिवारी," ऑगस्टाबाई म्हणाल्या, "गावात कुणीही रडायचं नाही."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मागणी मोठी होती.

प्रुडन्सकरांची ही जुनी खोड. खाणींच्या काळात ज्याला चांदी लागायची तो संध्याकाळी गुत्त्यात येऊन गळा काढायचा: "काही नाही रे बाबा, नुसते दगड. मी तर चाललो परत." पुढे चांदी संपली, खाणी बुजल्या, रडणं तेवढं राहिलं. आजही कुणी परका माणूस रस्त्यात उभा राहून "अहाहा, काय गाव आहे!" म्हणाला की जवळचा गावकरी आपलं काम टाकून त्याच्यापाशी जातो आणि खांद्यावर हात ठेवून वाईट बातम्या सुरू करतो. या खोडीनेच गाव वाचलं होतं. घाटापलीकडच्या गावाने स्वतःचं कौतुक छापून वाटलं, तर आज तिथे सुवासिक मेणबत्त्यांची अकरा दुकानं आहेत आणि त्या विकणारी माणसं दोन डोंगर सोडून राहतात.

"म्हणजे नक्की बोलायचं काय?" ऑर्व्हिल झुपानने विचारलं. ऑर्व्हिल गावातला बार चालवायचा. त्याच्याकडे बिअर मागितली तरी तो आधी सुस्कारा सोडायचा.

"खरं तेच बोल. हवा छान आहे, म्हण."

"हवा..." ऑर्व्हिलने घसा खाकरला. "हवा आहे."

"छान!"

"अगं, म्हणतोय ना. तोंडातून बाहेर येत नाहीये. जन्माची सवय आहे."

पोस्टमास्तरीण डेल्फीन खिडकीतून म्हणाली, "मी सांगेन, इथली थंडी कोरडी असते. कोरडी म्हटलं की लोकांना बरं वाटतं. का ते माहीत नाही."

"आणि अस्वलांचं विचारलं तर?" ऑर्व्हिल म्हणाला.

"तू सांगितल्याशिवाय कोण कशाला विचारेल?"

"मी कशाला सांगू? पण लिंडक्विस्टांच्या गाडीत जे बसलं होतं..."

"ऑर्व्हिल!"

"...ते हॉर्न वाजवत होतं की नाही? तेवढं सांग."

"शनिवारी ते अस्वल झालंच नव्हतं," ऑगस्टाबाई म्हणाल्या. "आणि तू जरा हसत जा."

"कसं?"

त्यांनी हसून दाखवलं. डेल्फीनने हळूच खिडकी लावून घेतली.

शनिवारी आर्चुलेटा नवराबायको आले. बेनी म्हणजे गोल, गुबगुबीत, कुठल्याही घरात शिरला की आधी छताकडे बघणारा. बायको कोरीना उंच आणि शांत. ती छताकडे बघत नव्हती. ती माणसांकडे बघत होती.

गावाने जिवाचं रान केलं. डेल्फीन पोस्टाबाहेर येऊन म्हणाली की थंडी कोरडी असते, आणि कुणी काही न विचारता परत दोनदा म्हणाली. ऑर्व्हिलने त्यांना बारमध्ये बोलावून ॲपल पाय फुकट खायला घातला आणि ते खात असताना समोर उभा राहून हसत राहिला. ऑर्व्हिलचं हसू गावानेही याआधी बघितलं नव्हतं. दोन गिऱ्हाइकं बिअर अर्धी टाकून निघून गेली.

"हवा छान आहे," ऑर्व्हिल म्हणाला. पाठ केलेलं तेवढंच होतं. मग पुढे काहीतरी जोडायला हवं म्हणून म्हणाला, "लोकही छान आहेत. कुणीच फार काळ आजारी पडत नाही."

कोरीनाचा काटा तोंडाशी थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे... छान आहेत," ऑर्व्हिल म्हणाला आणि आणखी हसला.

रस्त्यावर आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "बेनी, इथे काहीतरी भानगड आहे."

"काय गं, किती गोड माणसं आहेत!"

"तेच म्हणतेय मी. माझ्या मावशीने घर विकलं ना, तेव्हा अख्खी गल्ली अशीच हसत होती. घर घेणाऱ्याला पुढे कळलं, खाली जुनी खाण आहे. त्याची मोटार अंगणातून गेली खाली. अजून सापडलेली नाही."

"अगं पण..."

"पाणी तपासलंस का तू इथलं?"

अशा मनःस्थितीत ती दोघं ऑगस्टाबाईंकडे चहाला पोचली. बाईंनी पेस्टी केल्या होत्या. पणजोबांनी कॉर्नवॉलहून येताना हा एकच मौल्यवान ऐवज आणला होता: मांस-बटाट्याचं सारण भरलेली, करंजीची थोरली बहीण. खाणीतला मजूर ती खिशात घालून खाली उतरायचा, आणि पडली तरी फुटायची नाही. ऑगस्टाबाईंच्या पेस्टीची कडही त्या कसोटीला उतरणारी होती.

"इथलं जीवन फार सुखाचं आहे," बाईंनी सुरुवात केली.

"हिवाळ्यात?" कोरीनाने विचारलं.

"विशेषतः हिवाळ्यात."

"घाट बंद होत नाही?"

"कधीमधी विश्रांती घेतो."

"गावात वाईट असं काहीच नाही?"

"मला तरी काही आठवत नाही," ऑगस्टाबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःचाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. बहुतेक त्या तलावातल्या बायकांपैकी एकीचा.

कोरीनाने बशी खाली ठेवली, पर्स उचलली. "चल बेनी. अंधार पडायच्या आत घाट उतरू."

बेनीला वाईट वाटलं. जाता जाता बाईंना बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, "लिंडक्विस्टांचं घर मात्र छान आहे हं बाई. आम्ही आलो असतो तर त्या जुन्या लाकडी खिडक्या काढून मस्त पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बसवल्या असत्या."

इथे सांगायला हवं की ऑगस्टाबाई गावच्या जुन्या वास्तूंच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. समितीत तीन माणसं, त्यातली दोन ऑर्व्हिल आणि डेल्फीन; म्हणजे समिती खरी तर एकाच माणसाची होती. त्या माणसाने आता हातातला कप बशीवर आदळला.

"प्लॅस्टिकच्या?" ऑगस्टाबाई म्हणाल्या. "प्लॅस्टिकच्या खिडक्या? माझ्या गावात?"

"नाही म्हणजे, वारा..."

"वारा येणारच! खिडकी आहे ती! आणि तुम्हाला काय वाटलं, वारा खिडकीतून येतो? भिंतीतून येतो! जमिनीतून येतो! मार्चमध्ये तर उशीतून येतो! सहा महिने बर्फ, मग एक महिना चिखल, मग बाहेरगावचे लोक, मग परत बर्फ! घाटात दरड आली की आठवडाभर कोबीचं पान दिसत नाही. तुम्ही दुपारी काय खाल्लंत ते संध्याकाळी पोस्टात कळतं, आणि कुणाबरोबर खाल्लंत ते आधीच कळलेलं असतं! त्या लिंडक्विस्टांच्या गाडीत अस्वल बसलं होतं! हॉर्न वाजवत होतं! जा तुम्ही प्वेब्लोला! आम्हाला नकोच आहात तुम्ही!"

आणि मग त्या थांबल्या, कारण आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. पिवळ्या झाडांच्या पलीकडे त्यांना स्वच्छ दिसत होतं ते गोल्फचं मैदान.

कोरीना खाली बसली. पर्स बाजूला ठेवून तिने बशीतली पेस्टी परत उचलली.

"हॉर्न?" ती म्हणाली.

"सारखा," ऑगस्टाबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. "गाडीतून काढता काढता सकाळ गेली. सीट खाल्ली त्याने."

"बरं. आता सांगा. घाट बंद झाला आणि कुणी आजारी पडलं तर?"

"तर डेल्फीनचा भाऊ बर्फगाडी घेऊन जातो. एकदा त्याने आजाऱ्याला न्यायला डॉक्टर आणला, आणि परत जाताना आजारी माणूस पुढे बसला, डॉक्टर मागे आडवा. डॉक्टरचाच पाय मोडला होता."

"एवढं सगळं असून तुम्ही राहता का इथे?"

हे ऑगस्टाबाईंना आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचारायची वेळच त्या येऊ देत नसत. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

"जानेवारीत," त्या सावकाश म्हणाल्या, "सकाळी धूर सरळ वर जातो. प्रत्येक घराचा. मी आधी ते मोजते, चहा नंतर. सगळेच मोजतात, कबूल कुणी करत नाही. एखाद्या घराचा धूर दिसला नाही की कुणीतरी बूट चढवून दार वाजवायला जातं. माझा पाइप फुटला त्या दिवशी माझी शेगडी विझली होती. मी अजून मांजराला उचलते आहे तोवर ऑर्व्हिल कुदळ घेऊन दारात. रागावलेला. म्हणे, माझा नाश्ता थंड झाला तुझ्यामुळे." त्यांनी कोरीनाला आणखी एक पेस्टी वाढली. "फिनिक्सला धुराडी नाहीत. हे तुम्ही कुठे बोलू नका. लोक येतील."

बेनी रुमाल शोधू लागला. तो मऊ माणूस होता.

"खिडक्या राहू देत," कोरीना म्हणाली. "माझी एकच अट आहे. दार फिरोजी हवं. सान लुईच्या खोऱ्यात माझ्या आजीचं तसं होतं, तिच्या आईचंही. त्या रंगाच्या दारातून वाईट काही आत येत नाही. तसं दार असल्याशिवाय मी घरात भांडंदेखील ठेवणार नाही."

ऑगस्टाबाईंच्या जिवात नुकताच आलेला जीव परत गेला. प्रुडन्समध्ये दाराला हवा तो रंग लावता येत नाही. समितीची पद्धत अशी: अध्यक्षांनी खिशातल्या चाकूने दार खरवडायचं, रंगाचा एकेक थर काढत लाकडापर्यंत जायचं, आणि सगळ्यात खालचा जो रंग निघेल, तो मूळ रंग. घर बांधणाऱ्याने लावलेला. तोच लावायचा. ही पद्धत ऑगस्टाबाईंनीच घातली होती आणि तिला आजवर एकही अपवाद झाला नव्हता. डेल्फीनच्या दाराचा मूळ रंग कावीळ झाल्यासारखा निघाला, तर डेल्फीन आजतागायत त्या दारातून मान खाली घालून ये-जा करते.

"खरवडून बघावं लागेल," त्या म्हणाल्या.

लिंडक्विस्टांच्या ओट्यावर समिती जमली. समिती जमली म्हणजे गाव जमलंच. ऑगस्टाबाईंनी चाकू उघडला, भिंग काढलं आणि दाराच्या मध्यावर खरवडायला लागल्या. आधी करडा थर निघाला. मग पांढरा. मग तपकिरी, ओल्या मातीसारखा. आणि मग लाकूड.

कोरीना त्या तपकिरी ठिपक्याकडे बघत होती. तिने हळूच पर्सची कडी लावली. कडीचा टक असा आवाज झाला.

ऑगस्टाबाई दाराकडे पाठ करून वळल्या नाहीत. त्यांनी ओट्याची कड धरली, आणि गुडघ्यांचा कटकट आवाज करत खाली बसल्या. दाराच्या तळाशी लाथा लागून झिजू नये म्हणून पितळी पट्टी ठोकलेली होती. शंभर हिवाळ्यांचं बर्फ त्या पट्टीवर वितळलं होतं. पट्टीच्या खालच्या कडेला, लाकडाच्या रेषांत, नखाएवढी जागा हिरवट-निळी झाली होती.

त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. आयुष्यभर त्यांनी या गावाला खोटं कौलारू छप्पर लावू दिलं नव्हतं, खोटी कडी लावू दिली नव्हती, फळीला खोटं भोकदेखील पाडू दिलं नव्हतं.

"फिरोजी," ऑगस्टाबाई म्हणाल्या.

त्यांनी भिंग वर धरलं.

"ऑर्व्हिल, समितीच्या सभासदाने खात्री करावी."

ऑर्व्हिल वाकला. त्याने भिंगातून बघितलं, मग भिंगाशिवाय बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उगवताना दिसत होती: आधी पितळ, मग फिनिक्सला निघालेली ऑगस्टा, मग बर्फात एकटाच निघणारा आपला धूर.

"स्वच्छ फिरोजी," तो म्हणाला.

"डेल्फीन?"

डेल्फीनने वाकण्याचेही कष्ट घेतले नाहीत. "लांबूनच ओळखू येतोय."

"अहो पण," बेनी आनंदाने पुढे आला. मदत करायची संधी तो सोडत नसे. "हा रंग नाहीये बाई! हा पितळेला चढलेला हिरवा गंज आहे. मी रोज बघतो. जुन्या नळांना अगदी अस्साच..."

कोरीनाने कोपर मारलं. चांगलं मारलं, बेनी वाक्य विसरला.

"तरुण माणसा," ऑगस्टाबाई खालून म्हणाल्या, "समितीची अध्यक्ष कोण आहे?"

"तुम्ही, बाई."

"आणि तू?"

"प्लंबर, बाई."

"मग मला उठव, आणि माझ्या स्वयंपाकघराखाली जाऊन बघ."

आर्चुलेटा मंडळी दोन आठवड्यांत राहायला आली. दार फिरोजी झालं. उन्हात ते इतकं झगझगायचं की समोरच्या घरात लोक पडदे ओढून नाश्ता करू लागले. बेनीने ऑगस्टाबाईंच्या फरशीखाली तीन दिवस पालथं पडून पाइप बाहेरच्या भिंतीपासून आत आणला, त्याला लोकरीसारखं काहीतरी गुंडाळलं, आणि खालून गाणी म्हटली. मांजर फरशीला कान लावून बसायचं.

ऑगस्टाबाईंनी फोन केला. "लॉरेन, ती खोली दुसऱ्या कुणाला दे."

"आई, हिवाळा तर अजून यायचाय."

"येऊ दे."

"एवढी खात्री कशी गं तुला?"

"मूळ रंग सापडला," ऑगस्टाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. लॉरेनने त्या रात्री नवऱ्याला सांगितलं की आईला आता बोलण्यातलं काही समजेनासं झालंय.

खरी थंडी जानेवारीत पडली. एके सकाळी ऑगस्टाबाईंनी नळ उघडला. तो खोकला, थोडा थांबला आणि धो धो वाहू लागला. त्यांनी किटली भरली. मग मांजराची वाटी भरली. मग नुसतंच, काही कारण नसताना, पातेलं भरलं. तेवढ्यात दार वाजलं.

दारात ऑर्व्हिल होता. टोपी हातात, मिशांना बर्फ. त्याच्या मागे पायरीवर डेल्फीन, आणि डेल्फीनच्या मागे फाटकापर्यंत आणखी चौघं-पाचजण पाय आपटत उभे होते.

"काय रे? माझा धूर निघतोय की."

"धुराचं नाही." ऑर्व्हिलने नजर चुकवली. "बारच्या दाराचं होतं. बिजागरीमागे लाल रंग दिसतोय. अगदी भडक."

"माझ्याकडे गुलाबी आहे," डेल्फीन मागून म्हणाली. "उंबऱ्याच्या खाली. अंगठ्याने घासलं की कळतो."

ऑगस्टाबाईंनी रांगेकडे बघितलं. एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. सगळेजण, समितीपुढे असावं तसे, गंभीर होते.

"आत या," त्या म्हणाल्या. "चहा घेऊन निघू. आणि ज्याच्या दाराला पितळ नसेल, त्याने सरळ घरी जावं."

कुणीही गेलं नाही.